लघुसंदेशाने चालणारी विहिरीवरील मोटर

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील पांढुर्णा आणि सौसर या दोन तहसिली संत्र्याच्या बगीच्यांसाठी सर्वदूर परिचित आहेत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर हा मराठी भाषक मुलूख मध्य प्रदेशात राहिला आणि २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा होऊन या दोन तहसिलींचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. संत्रा, कापूस, तूर, गहू आणि हरभरा ही येथील प्रमुख पिके होत. यांपैकी संत्र्याचे झाड एकदा लावले की वर्षानुवर्षे त्याला पाण्याची चिंता वाहावी लागते. हे पाणी विहिरीतून किंवा बोअरमधून येते. ते वर आणते विजेची मोटर. आणि मोटर चालते ती 'लाईन' असेल तेव्हाच. म्हणून गावच्या पारावर 'लाईन केव्हा येणार' हा प्रश्न पावसाच्या प्रश्नाइतकाच जिव्हाळ्याने विचारला जातो.

खिशातील मोबाईल फोनवरून एक लहानसा संदेश पाठवून दूरच्या वावरातील मोटर चालू वा बंद करता आली तर शेतकऱ्याचे किती श्रम वाचतील, हे सांगावयास नको. अशी सोय आज उपलब्ध आहे. परंतु ती कशी चालते, तिच्यापासून लाभ कोणता आणि धोका कोणता, हे समजून न घेता ती वापरणे हितावह नाही. प्रस्तुत लेखात या विषयाची सोप्या भाषेत ओळख करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

रात्रीच्या फेऱ्यांचे मोल

शेतीच्या फीडरवर वीज चोवीस तास नसते. मध्य प्रदेशात कृषिपंपांना दिवसाकाठी १० तास वीज देण्याचे धोरण आहे आणि हे तास दिवस व रात्र यांत विभागले जातात. महाराष्ट्रातही दिवसा ८ तास किंवा रात्री १० तास अशी आळीपाळीची पद्धत अनेक वर्षे चालत आली. रात्रीची पाळी आली की शेतकऱ्याला कंदील किंवा बॅटरी घेऊन विहिरीवर जावे लागते. लाईन वेळेवर आली नाही तर थांबावे लागते. आली आणि मध्येच गेली तर पुन्हा उठावे लागते. पाणी पुरेसे झाले की बंद करण्यासाठी पुन्हा एक फेरी होते.

या फेऱ्यांत केवळ झोप जात नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आपल्या देशात शेतीच्या परिसरात आढळतात आणि मण्यार तर विशेषेकरून रात्रीच हिंडते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लक्ष लोक मृत्युमुखी पडले असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातील होते. रानडुकरांची भीती, पावसाळ्यातील निसरडी पायवाट, ओल्या हातांनी स्टार्टरला केलेला स्पर्श, हे धोके वेगळेच. घरात कर्ता पुरुष नसेल तर हीच फेरी घरातील स्त्रीला किंवा वृद्धाला करावी लागते. तेव्हा एका बटणासाठी जीव धोक्यात घालण्याची ही पद्धत बदलता येईल काय, हा विचार महत्त्वाचा ठरतो.

पुण्यातील एका अभियंत्याचा प्रयत्न

हा विचार प्रत्यक्षात आणणाऱ्यांत पुण्याचे विद्युत अभियंता श्री. संतोष ओस्तवाल यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. आपल्या वृद्ध आजोबांना पंप चालू करण्यासाठी वेळी-अवेळी शेतात जावे लागते, हे पाहून त्यांनी दूरवरून पंप चालविण्याच्या साधनांवर काम सुरू केले. त्यांनी विकसित केलेले 'नॅनो गणेश' हे मोबाईलवर चालणारे उपकरण २००९ साली नोकिया कंपनीने घेतलेल्या जागतिक स्पर्धेत पारितोषिकास पात्र ठरले. पुढे अनेक उत्पादकांनी या प्रकारच्या पेट्या बाजारात आणल्या. आज त्या निरनिराळ्या नावांनी मिळतात. कोणत्याही एका पेटीची शिफारस करणे हा या लेखाचा हेतू नाही. सर्वांचे मूळ तत्त्व एकच आहे आणि तेच येथे समजावून घ्यावयाचे आहे.

लघुसंदेशाचा प्रवास

मोबाईल फोनवरील लघुसंदेश, ज्याला आपण 'मेसेज' किंवा 'एसएमएस' म्हणतो, त्याचा जन्म ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये झाला. त्या दिवशी नील पॅपवर्थ या अभियंत्याने नाताळच्या शुभेच्छांचा पहिला संदेश पाठविला. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तो संदेश फोनवरून नव्हे, तर संगणकावरून मोबाईल फोनवर पाठविण्यात आला होता. संगणक आणि लघुसंदेश यांचे नाते असे पहिल्या दिवसापासूनचे आहे. भारतात मोबाईल सेवेचा आरंभ ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी दिल्लीस संभाषण केले होते.

लघुसंदेश एका फोनवरून दुसऱ्या फोनवर सरळ जात नाही. आपण 'पाठवा' ही कळ दाबताच तो जवळच्या टॉवरकडे जातो. तेथून तो कंपनीच्या संदेशकेंद्रात पोहोचतो. हे केंद्र एखाद्या टपाल कार्यालयासारखे असते. ज्याला संदेश द्यावयाचा तो फोन चालू असेल आणि टॉवरच्या कक्षेत असेल तर केंद्र तो लगेच पोहोचविते. फोन बंद असेल तर संदेश जपून ठेवते आणि फोन पुन्हा चालू होताच देते. साठविणे आणि मग पुढे धाडणे, ही लघुसंदेशाची रीत होय. तिचा लाभही आहे व धोकाही आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

लघुसंदेश लहान का असतो, हेही पाहण्यासारखे आहे. एका संदेशात १,१२० बिट्स, म्हणजे शून्य व एक यांची १,१२० चिन्हे मावतात. रोमन लिपीतील एका अक्षरास ७ बिट्स पुरतात, म्हणून त्या लिपीत १६० अक्षरे बसतात. देवनागरीतील प्रत्येक चिन्हास १६ बिट्स लागतात, म्हणून मराठीत ७० चिन्हेच बसतात; आणि काना, मात्रा, वेलांटी हे प्रत्येक स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजले जाते. 'मोटर चालू झाली' या तीन शब्दांत मोकळ्या जागा धरून १४ चिन्हे होतात. मोटरीचा निरोप देण्यासाठी ७० चिन्हे पुष्कळ झाली.

लघुसंदेशाला इंटरनेट लागत नाही. संभाषणासाठी जो मार्ग वापरला जातो त्याऐवजी तो टॉवर व फोन यांच्यामधील संकेतांच्या अरुंद मार्गाने जातो. त्यामुळे ज्या वावरात बोलणे तुटक ऐकू येते तेथेही संदेश पुष्कळदा पोहोचतो. टेकड्यांच्या आड असलेल्या शेतांसाठी हा गुण मोलाचा आहे.

पेटीच्या आत काय असते

विहिरीवरील स्टार्टरच्या शेजारी बसविण्यात येणारी ही पेटी म्हणजे वस्तुतः एक लहानसा संगणक होय. त्याला पडदा नसतो, कळफलक नसतो. परंतु आज्ञा घेणे, ती तपासणे आणि तिच्याप्रमाणे कृती करणे ही संगणकाची तिन्ही कामे तो करतो. घरातील संगणकास फोन जोडून आणि योग्य आज्ञावली घालून त्याला दूरवरून लघुसंदेशाद्वारे 'बंद हो' किंवा 'अमुक काम कर' असे सांगता येते, ते याच तत्त्वाने. घरात त्या आज्ञेने संगणक बंद होतो, वावरात मोटर चालू होते, एवढाच भेद.

पेटीचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे असतात.

पहिला भाग मोबाईलचा. त्यात एक सिमकार्ड असते. फोनचे बोलण्या-ऐकण्याचे भाग वगळून संदेश व कॉल घेणारा तेवढाच भाग येथे असतो.

दुसरा भाग सूक्ष्मनियंत्रकाचा. नखाएवढ्या चकतीवरील हा संगणक आलेला संदेश वाचतो, तो नोंदविलेल्या क्रमांकावरूनच आला आहे काय आणि त्यात गुप्त अंक बरोबर आहे काय, हे पाहतो. दोन्ही गोष्टी जुळल्या तरच तो पुढील आज्ञा देतो. अनोळखी क्रमांकावरून आलेला संदेश तो सोडून देतो.

तिसरा भाग रिलेचा. सूक्ष्मनियंत्रकाची वीज अगदी दुबळी असते. तिने मोटर चालणे शक्य नाही. ती एका लहान चुंबकाला जागे करते आणि तो चुंबक स्टार्टरची कळ दाबल्याचे काम करतो. चालू करण्याचा रिले हिरव्या बटणाच्या जोडीला समांतर बसवितात. बंद करण्याचा रिले लाल बटणाच्या मार्गात ओवतात. म्हणून पेटी बसविल्यावरही स्टार्टरवरील दोन्ही बटणे पूर्वीप्रमाणेच हाताने वापरता येतात.

चौथा भाग मोजमापाचा. तिन्ही फेज आहेत काय, व्होल्टेज किती आहे आणि मोटर किती अँपिअर प्रवाह घेत आहे, हे तो पाहतो. विहीर आटून मोटर कोरडी चालू लागली की तिचा प्रवाह उतरतो. एक फेज गेली की उरलेल्या दोहोंवर भार पडून गुंडाळी जळण्याची भीती असते. अशा वेळी चांगली पेटी मोटर आपण होऊन बंद करते आणि मालकाला तसे कळविते.

पाचवा भाग लहान बॅटरीचा. लाईन नसतानाही सिमकार्ड जागे राहावे आणि 'लाईन गेली', 'लाईन आली' हे निरोप देता यावेत, यासाठी ती आवश्यक असते.

काही पेट्या संदेशाऐवजी कॉलवरही चालतात. नोंदविलेल्या क्रमांकावरून मिस्ड कॉल आला की पेटी तो न उचलता मोटर चालू वा बंद करते. काहींत पेटी कॉल उचलते आणि मग फोनवरील १ किंवा ० ही कळ दाबावयाची असते. प्रत्येक कळीचा आवाज दोन ठरावीक स्वरांचा बनलेला असतो. १ या कळीचे स्वर ६९७ आणि १,२०९ हर्ट्झ कंपनांचे असतात. पेटी ते स्वर ओळखते. ज्यांना अक्षरे वाचणे अवघड जाते अशा वडीलधाऱ्यांना ही पद्धत सोयीची वाटते.

'ऑटो' आणि मोबाईल पेटी यांत भेद काय

पुष्कळ ठिकाणी स्टार्टरला 'ऑटो' बसविलेला असतो. लाईन येताच मोटर आपोआप चालू होते आणि शेतकरी निश्चिंत झोपतो. ही सोय वरकरणी चांगली दिसते, परंतु तिचे दुष्परिणाम साऱ्या शिवाराला भोगावे लागतात. एक हिशेब पाहू.

एका ६३ केव्हीए क्षमतेच्या रोहित्रावर, म्हणजे आपल्या बोलीतील डीपीवर, ५ अश्वशक्तीच्या १० मोटरी आहेत असे समजा. चालत असताना प्रत्येक मोटर सुमारे साडेसात अँपिअर प्रवाह घेते, म्हणजे दहा मोटरींचे ७५ अँपिअर झाले. रोहित्राची क्षमता सुमारे ८४ अँपिअरची आहे. म्हणजे ते हा भार वाहू शकते. परंतु चालू होण्याच्या क्षणी मोटर नेहमीच्या साधारण सहापट प्रवाह ओढते. लाईन येताच दहाही मोटरी एकदम सुरू झाल्या तर क्षणभर ४५० अँपिअरची मागणी होते. व्होल्टेज कोसळते, मोटरी नीट उचलत नाहीत, फ्यूज जातात आणि असे वारंवार घडले की रोहित्र जळते. नवे रोहित्र येईपर्यंत बगीचा पाण्यावाचून राहतो, आणि त्या दहा शेतकऱ्यांपैकी ऑटो न बसविलेल्या शेतकऱ्याचाही बगीचा त्यात होरपळतो. याच कारणासाठी वीज वितरण कंपन्या ऑटो काढून कपॅसिटर बसविण्याचा आग्रह धरीत आल्या आहेत.

मोबाईल पेटीत मोटर चालू होते ती मालकाच्या आज्ञेने. लाईन गेली की स्टार्टर सुटतो आणि पुन्हा आज्ञा मिळेपर्यंत सुटलेलाच राहतो. एका डीपीवरील शेतकऱ्यांनी आपसांत क्रम ठरवून घेतला आणि लाईन आल्यावर दोन-दोन मिनिटांच्या अंतराने मोटरी सुरू केल्या, तर रोहित्राचे आयुष्य वाढेल. मात्र काही पेट्यांतही 'आपोआप चालू' अशी सोय दिलेली असते. ती वापरणे म्हणजे नव्या पेटीत जुना ऑटोच बसविणे होय. वापरावयाचीच असेल तर तिला काही मिनिटांचा विलंब लावावा आणि तो प्रत्येकाचा वेगवेगळा असावा.

उशिरा पोहोचणारा संदेश

संदेशकेंद्र न पोहोचलेला संदेश साठवून ठेवते, हे वर सांगितले आहे. आता पुढील प्रसंगाची कल्पना करा. शेतकऱ्याने सायंकाळी सात वाजता 'चालू' असा संदेश पाठविला. त्या वेळी टॉवर बंद होता. उत्तर आले नाही, म्हणून त्याने शेजाऱ्याला सांगून मोटर हाताने चालू करून घेतली आणि नऊ वाजता बंद करविली. रात्री अकरा वाजता टॉवर सुरू झाला आणि सातचा संदेश तेव्हा पेटीला मिळाला. मोटर चालू झाली आणि पहाटेपर्यंत पाणी वाहत राहिले.

संत्र्याच्या बगीच्यात याचा अर्थ काय होतो, हे येथील बागाईतदारांना ठाऊक आहे. आंबिया बहार धरण्यासाठी डिसेंबर-जानेवारीत झाडांना ताण दिलेला असतो. त्या काळात एका रात्रीचे चुकीचे पाणी कित्येक दिवसांचा ताण मोडू शकते आणि फुलांऐवजी पालवी फुटते. शिवाय बुंध्याशी पाणी साचून राहिले तर डिंक्या व मूळकूज या रोगांना आमंत्रण मिळते. त्यासाठीच बुंध्याला पाणी लागू न देणारी दुहेरी आळ्याची पद्धत तज्ज्ञ सांगतात.

म्हणून दोन दक्षता घ्याव्यात. एक, पेटी घेताना ती जुना संदेश ओळखून नाकारते काय, हे विक्रेत्याला विचारावे. प्रत्येक संदेशावर तो पाठविल्याची वेळ उमटलेली असते; ती पाहून काही मिनिटांपूर्वीचा संदेश नाकारणे पेटीला अवघड नाही. दोन, उत्तराचा संदेश आल्याशिवाय आपली आज्ञा पोहोचली असे समजू नये आणि रद्द झाली असेही समजू नये. ताणाच्या काळात तर मेन स्विचच बंद ठेवावा. मग संदेश कोणताही येवो, मोटर चालणार नाही.

आधी जीव, मग पाणी

दूरवरून मोटर चालविणाऱ्याला विहिरीवर कोण उभे आहे ते दिसत नाही. मोटर दुरुस्त करणारा मिस्त्री, फुटव्हॉल्व्ह काढण्यासाठी उतरलेला गडी, पाईपावर बसून पाय धुणारे मूल, यांपैकी कोणीही तेथे असू शकते. घरी बसलेल्या मुलाने अजाणता कळ दाबली तर अनर्थ ओढवेल. यासाठी पुढील नियम कटाक्षाने पाळावेत.

विहिरीवर कोणतेही काम करण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा, फ्यूजची किटकॅट काढून स्वतःच्या खिशात ठेवावी आणि काम संपेपर्यंत ती कोणाच्याही हाती देऊ नये. पेटी बंद केली एवढ्यावर विसंबू नये. स्टार्टरवर ठळक अक्षरांत 'ही मोटर केव्हाही आपोआप चालू होऊ शकते' अशी पाटी लावावी. मजुरांना व शेजाऱ्यांना ही गोष्ट तोंडानेही सांगावी. ज्या फोनवरून मोटर चालते तो लहान मुलांच्या हाती देऊ नये. स्टार्टर, मोटर व पेटी यांचे अर्थिंग चांगले असावे आणि पेटीची जोडणी परवानाधारक वीजतंत्र्याकडूनच करून घ्यावी.

मोटर चालली म्हणजे पाणी पोहोचले असे नव्हे

'मोटर चालू झाली' या संदेशाचा अर्थ तेवढाच आहे. पाईप फुटला असेल, ठिबकचा व्हॉल्व्ह बंद असेल किंवा दांड फुटून पाणी शेजारच्या वावरात जात असेल, तर पेटीला ते कळत नाही. फोनमुळे रात्रीची फेरी वाचते. दिवसाची पाहणी वाचत नाही, आणि वाचवूही नये. झाडाच्या पानाकडे व आळ्यातील मातीकडे पाहून पाण्याची गरज ठरविण्याचे काम शेतकऱ्याच्या डोळ्यांचेच आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. बटण सोपे झाले की ते अधिक वेळा दाबले जाते. ५ अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर तासाला सुमारे साडेचार युनिट वीज घेते. रोज दोन तास निष्कारण चालली तर महिन्याला २७० युनिट वाया जातात. कृषिपंपाचे देयक ठोक दराने येत असल्यास ही नासाडी कागदावर दिसत नाही. परंतु वीज ठोक दराने मिळाली तरी पाणी ठोक दराने मिळत नाही. काळ्या कातळातील विहिरीला पाणी येते ते भेगांतून आणि झिजलेल्या खडकाच्या थरातून. हा साठा मर्यादित असतो. आपण रात्रभर उपसलेले पाणी कदाचित शेजाऱ्याच्या विहिरीचे उन्हाळ्यातील पाणी असते. म्हणून पेटीतील वेळेची सोय अवश्य वापरावी. 'दोन तास चाल आणि बंद हो' अशी आज्ञा देता येत असेल तर केवळ 'चालू' असे सांगू नये. ठिबक सिंचन आणि अशी पेटी यांची जोड घातल्यास खरी बचत होते.

पेटी घेताना लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

प्रथम आपल्या विहिरीवर कोणत्या कंपनीचे जाळे चांगले मिळते, ते साधा फोन नेऊन सकाळी, दुपारी आणि रात्री तपासावे. अनेक जुन्या व स्वस्त पेट्या दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे 'टू-जी' जाळ्यावरच चालतात. जेथे केवळ चौथ्या पिढीचे जाळे आहे तेथे त्या निरुपयोगी ठरतात. पेटी आणि सिमकार्ड यांचा मेळ बसतो काय, हे विकत घेण्यापूर्वीच पाहावे.

सिमकार्ड स्वतःच्या नावाचे असावे आणि त्याचे रिचार्ज वेळेवर करावे. मुदत संपली की पेटी मुकी होते आणि दीर्घकाळ वापर न झाल्यास क्रमांकच रद्द होतो. या क्रमांकाला बँकेचे खाते किंवा अन्य कोणतीही महत्त्वाची नोंद जोडू नये. पेटी वावरात असते आणि सिमकार्ड चोरीस जाऊ शकते. कारखान्यातून आलेला गुप्त अंक पहिल्याच दिवशी बदलावा. घरातील दोन किंवा तीन विश्वासू माणसांचे क्रमांकच नोंदवावेत.

आपली मोटर किती अश्वशक्तीची आहे आणि स्टार्टर कोणत्या प्रकारचा आहे, हे विक्रेत्यास सांगावे. साध्या स्टार्टरची आणि स्टार-डेल्टा स्टार्टरची जोडणी वेगळी असते. हमीपत्र व पक्के बिल घ्यावे. दुरुस्तीची सोय जवळ आहे काय, हे किमतीइतकेच महत्त्वाचे आहे. स्वस्तात घेतलेली पेटी ऐन एप्रिल-मे महिन्यात, आंबिया बहाराची फळे झाडावर असताना बंद पडली आणि दुरुस्तीला दूर पाठवावी लागली, तर वाचलेले रुपये कामास येत नाहीत.

ग्रामपंचायत आणि शाळा यांना

गावच्या नळयोजनेची मोटर पुष्कळदा वस्तीपासून दूर नदीकाठी असते. तेथेही ही पेटी उपयोगी पडते. मात्र सार्वजनिक मोटरीचे नियंत्रण एकाच माणसाच्या खाजगी फोनवर असू नये. पंचायतीने क्रमांकांची नोंद ठेवावी, कर्मचारी बदलला की जुना क्रमांक काढून टाकावा आणि टाकी भरल्यावर मोटर बंद करणारा पाणीपातळीचा स्विच सोबत बसवावा. वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी एका डीपीवरील शेतकऱ्यांना एकत्र बोलावून मोटरी सुरू करण्याचा क्रम ठरवून दिला, तर त्या सभेचे मोल नव्या रोहित्राएवढे होईल.

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज शिकविता येईल. त्यासाठी विजेची उपकरणे लागत नाहीत. तशी ती मुलांच्या हाती देऊही नयेत. एक विद्यार्थी फोन, दुसरा टॉवर, तिसरा संदेशकेंद्र, चौथा पेटी आणि पाचवा मोटर झाला की खेळ मांडता येतो. चिठ्ठी हातोहात जाते. पेटी झालेला विद्यार्थी गुप्त अंक तपासतो. अंक चुकीचा असेल तर चिठ्ठी फाडून टाकतो. मध्येच टॉवर झालेल्या विद्यार्थ्याला डोळे मिटून बसण्यास सांगावे आणि काही वेळाने उघडण्यास सांगावे. उशिरा पोहोचलेली चिठ्ठी कोणता घोटाळा करते, हे मुलांना तेथल्या तेथे कळेल. आणि ती ते सायंकाळी घरी सांगतील.

उपसंहार

मोट, रहाट, डिझेल इंजिन आणि विजेची मोटर असा पाणी उपसण्याचा प्रवास आपल्या आजोबा-पणजोबांपासून चालत आला आहे. मोटेच्या काळी बैल थकले की पाणी थांबत असे. त्यामुळे विहिरीला आपोआप विश्रांती मिळत होती. आजची मोटर थकत नाही आणि फोन तर मुळीच थकत नाही. केव्हा थांबावयाचे हे आता माणसानेच ठरवावयाचे आहे. रात्रीच्या अंधारात विहिरीकडे जाणारे पाऊल या पेटीने वाचविले, एका डीपीवरील दहा घरांत थोडा समंजसपणा आणला आणि शेतकऱ्याने तिला 'चालू' इतक्याच तत्परतेने 'बंद' हा शब्दही शिकविला, तर या लहानशा साधनाचे सार्थक झाले असे म्हणता येईल. शेतकरी बंधुभगिनींनी वरील दक्षता ध्यानात घेऊन, जाणकाराचा सल्ला घेऊन आणि शेजाऱ्यांशी बोलून या सोयीचा अवश्य विचार करावा.